आधी हाक, मग हिशेब
(एकोडी, जि. भंडारा येथील कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)

मायबापहो, पूर्वरंगासाठी आज मी दुसराच विषय धरून आलो होतो. पण पेटीचा सूर लावत असताना कोणीतरी एक घडी केलेली चिठ्ठी पेटीवर ठेवून गेलं. नाव नाही, सही नाही. कोणी लिहिली हे मी शोधणार नाही आणि तुम्हीही शेजाऱ्याकडे पाहू नका. चिठ्ठीत एवढंच आहे: ‘बुवाजी, दारू सोडतो म्हणून प्रभूपुढं दहादा शपथ घेतली, दहादा मोडली. घरची रडते. आता प्रार्थनेला बसायला लाज वाटते. देवानं माझं नाव काटलं असन का?’

ठरवलेला विषय बाजूला ठेवला. हाच घेऊ.

नाव काटलेलं नाही. हे उत्तर आधी देऊन टाकतो, नाहीतर विचारणारा माणूस उत्तररंगापर्यंत जीव मुठीत धरून बसेल. पण ते का काटलेलं नाही, आणि नाव राहिलं म्हणजे काय राहिलं, हे नीट समजून घ्यायला वेळ लागेल. कारण या चिठ्ठीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तीच चुकीची आहे. आधी मी सुधारेन, मग देवापुढे तोंड दाखवेन, असा तो हिशेब आहे.

हा हिशेब आपण किराणा दुकानात शिकतो. वहीत उधारी फार झाली की आपण त्या दुकानावरून जातच नाही, मागच्या गल्लीनं फिरून जातो. धान विकलं, पैसे आले, की मग ताठ मानेनं दुकानात जायचं. व्यवहारात ते बरोबरच आहे. आपण देवालाही तसाच दुकानदार समजतो आणि रविवारी उपासनेच्या वेळी मागच्या गल्लीनं जातो.

पौल रोमकरांस पत्र लिहितो तेव्हा मजुरी आणि देणगी या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवतो. रोजगार हमीच्या कामावर तुम्ही माती टाकली, मस्टरवर तुमची हजेरी लागली, तर मिळणारा पैसा तुमच्या हक्काचा. त्याला कोणी कृपा म्हणत नाही. म्हटलं तर तुम्हालाच राग येईल. कृपा मस्टरवर येत नाही. जिच्यावर आपला कवडीचाही हक्क नाही आणि तरी जी आपल्या दारात येते, ती कृपा. पापाबद्दल मात्र पौल मजुरीचाच शब्द वापरतो. पाप चोख मजुरी देतं, एक दिवस खाडा करत नाही. ती मजुरी काय असते हे दारू पिणाऱ्याच्या घरी विचारा.

आता जक्कयाची गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानात एकोणिसाव्या अध्यायात आहे. यरीहो गावचा हा मुख्य जकातदार. रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांकडून जकात वसूल करायचा आणि वरकड स्वतःच्या घरात टाकायचा. पैसा भरपूर, पण गावात पाणी पाजायला कोणी राजी नाही. येशू त्या वाटेनं जाणार हे कळलं. गर्दी मोठी, जक्कय ठेंगणा. म्हणून तो पुढे धावत गेला आणि उंबराच्या झाडावर चढून बसला. गावचा धनाढ्य माणूस पोरासारखा झाडावर! आपल्याकडे कोणी सावकार मंडईत उंबरावर चढला तर काय होईल सांगा. त्याला भेटायचं नव्हतं, नुसतं पाहायचं होतं. पानांआडून पाहायचं आणि कोणाच्या लक्षात न येता घरी जायचं. आपल्यातले पुष्कळ जण उपासनेला असेच येतात. मागच्या खांबाला टेकून बसतात आणि शेवटच्या गीताच्या आधी निघून जातात.

येशू झाडाखाली थांबला. वर पाहिलं. त्याला नावानं हाक मारली आणि आज तुझ्याच घरी मुक्काम करायचा आहे असं सांगितलं.

इथे थांबा. या क्षणापर्यंत जक्कयानं काय केलं होतं? एक पैसा परत केला नव्हता. पश्चात्तापाचा एक शब्द तोंडातून निघाला नव्हता. शपथ नाही, नवस नाही, उपास नाही. तो फक्त झाडावर होता. आणि हाक आली. लोक कुरकुरले, पापी माणसाच्या घरी हा उतरतो म्हणून. त्यांची कुरकुर मला खोटी वाटत नाही बरं का. ज्यांना त्यानं लुबाडलं तेच लोक होते ते. पण जक्कय खाली उतरला, आनंदानं त्यानं स्वागत केलं, आणि मग उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. आधी हाक, मग हिशेब. हा क्रम उलटा करून पाहा. आधी चौपट फेड, मग तुझ्या घरी येतो, असं येशू म्हणाला असता, तर जक्कय अजून उंबरावरच असता.

(इथे टाळावर नामघोष झाला.)

आता आपल्या मराठी मुलखात येऊ. ख्रिस्ताचं कीर्तन आपल्या भाषेला नवं नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. पुढे अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी झांज-मृदंग घेऊन ख्रिस्तचरित्र लावलं. आणि मग नारायण वामन टिळक आले. त्यांची गोष्ट सांगायची तर त्यांच्या पत्नीच्या माहेरापासून सांगावी लागते.

लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांचं वर्णन केलं आहे. नाशिकजवळ जलालपूरला घर. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांच्या मनानं सोवळ्याचं वेड घेतलं. बाजारातून आलेल्या वस्तूंनासुद्धा धुण्याची सजा. घरातल्या बायकांचा जीव पाणी ओढून मेटाकुटीला यायचा. वाचताना हसू येतं, कारण लक्ष्मीबाईंची लेखणीच तशी आहे. पण मला त्या गृहस्थांची कीव येते. मनाला जखम झाली होती, आणि तो बिचारा धान्य धूत होता! आत काहीतरी विटाळलं आहे हे त्याला कळत होतं, पण हात फक्त बाहेरच्या वस्तूंपर्यंत पोचत होता. तुम्ही म्हणाल, ते जुने लोक. आपणही काही वेगळं करत नाही. भांडण केलं की दुसऱ्या दिवशी जास्त वेळ प्रार्थना करतो. ज्याच्याशी भांडलो त्याच्या दारात जात नाही.

दुसरी एक बाई, पंडिता रमाबाई. त्यांच्या घरचं तर सगळं आयुष्यच यात्रेत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी लोकांचा रोष घेतला. घरदार सोडून कुटुंब तीर्थामागून तीर्थ फिरलं, पुराण सांगत, स्नानं करत, दान देत. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, पैसा संपला, तरी व्रतं चालू होती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. इथे पायी यात्रा करणारी मंडळी बसली आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, त्या आईवडिलांची श्रद्धा खोटी नव्हती. आपल्यापैकी कितीजण उपाशीपोटी देवाचं नाव घेतील? पण रमाबाईंच्या मनात एक प्रश्न तिथेच रुतला. एवढं करूनही पुरं का पडत नाही?

भावाबरोबर हजारो मैल चालून त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, तिथे त्यांना पंडिता म्हणून मान मिळाला. लग्न झालं, मुलगी झाली, दोन वर्षांत पती गेले. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण म्हणतो, झालं, गोष्ट संपली, बाई प्रभूकडे आली. नाही! त्यांनी स्वतः पुढे साक्ष लिहिली आहे, त्यात त्या स्पष्ट सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं हे असं चाललं. आठ वर्षं! या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत हिंडल्या, ग्रंथ लिहिला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना पोटाशी धरलं. बाहेरून पाहणारा म्हणेल, एवढी पुण्यवान बाई दुसरी नाही. आणि आत मन म्हणत होतं, अजून पुरं पडलं नाही.

मग त्यांना काय समजलं? नवं कर्म समजलं नाही. इतकंच समजलं की जे त्या आठ वर्षं मिळवायला पाहत होत्या ते मिळवायचं नव्हतंच, घ्यायचं होतं. धर्म बदलला होता, पण मनातलं मस्टर जुनंच होतं. त्या आधी तीर्थात हजेरी लावत होत्या, आता प्रार्थनामंदिरात. कृपा म्हणजे मस्टरच फाडून टाकणं, हे त्यांना एक्क्याण्णव सालाच्या सुमारास उमगलं. यानंतर त्यांचं काम कमी झालं नाही, दुप्पट झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांताकडे आल्या, तेव्हा हा भंडाऱ्याचा मुलूख त्याच प्रांतात होता, आणि प्रांतातल्या उपाशी मुलींना शेकड्यांनी घेऊन गेल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन वाढलं. लहानपणी दुष्काळात आईबाप गमावलेली बाई दुसऱ्यांची लेकरं दुष्काळातून उचलत होती. पण आता स्वतःचं पाप फेडायला नव्हे. फेडून झालं होतं, दुसऱ्या कोणीतरी फेडलं होतं.

आता टिळकांकडे. १८९३ साल. टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीच्या शोधात निघाले. म्हणजे वाट कोणती? आपलीच! वरठीवरून, तुमसर रोडवरून, गोंदियावरून जाणारी. आज आपण जिच्यात शेंगा खात बसतो त्या लोहमार्गावर मराठीतल्या या मोठ्या ख्रिस्तभक्ताला हाक आली. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं संस्कृत काव्यावरून सुरू झालं. उतरताना त्यांनी नवा करार टिळकांच्या हातात ठेवला आणि प्रामाणिकपणे वाचलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी मागितलं होतं का? नाही. ते नोकरी शोधत होते. वाचायचा शब्द दिला म्हणून वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि मग स्वभाव बदलला का? लक्ष्मीबाईंना विचारा. त्यांनी लपवलेलं नाही. बाप्तिस्म्याआधी टिळक तापट होते, नंतरही राग यायचा. आधी घरात न सांगता निघून जायचे, पैसा हातात टिकत नसे. पुढेही तो टिकला नाही. बाप्तिस्म्यानंतर नवराबायकोची चार-पाच वर्षं ताटातूट झाली. लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे आल्या त्यासुद्धा आपलं सोवळं सांभाळून. हळूहळू मनातली जातपात गळली आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा स्वभाव मात्र आयुष्यभर त्यांच्याशी झगडत राहिला आणि ते त्याच्याशी. १९१७ साली त्यांनी मिशनचं काम सोडून संन्यास घेतला, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, १९१९ साली गेले. असा माणूस! तुकोबांच्या भक्तीवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं मानणारा, उभ्या महाराष्ट्राच्या प्रार्थनामंदिरांत ज्याची भजनं अजून गायली जातात असा. त्यालाही रोज सकाळी त्याच त्या रागाशी पहिल्यापासून लढावं लागलं.

पौलाचं तेच. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय घरी जाऊन वाचा. प्रेषित माणूस सांगतो की जे चांगलं करायचं ठरवतो ते हातून होत नाही आणि जे नको म्हणतो तेच होऊन बसतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या दादा, तुमच्या चिठ्ठीत आणि त्या अध्यायात मला फारसा फरक दिसत नाही. वैनगंगेच्या पुरात वाहणाऱ्या ओंडक्याला धार लागत नाही. जो पोहून काठाला येऊ पाहतो त्यालाच ती छातीवर लागते. लाज वाटते ना? लढाई चालू आहे. ज्या दिवशी लाजही वाटणार नाही त्या दिवसाची मला भीती आहे.

पण इथेच एक दगा आहे, तोही सांगितला पाहिजे. कोणी म्हणेल, कृपा फुकट आहे ना बुवा, मग पीत राहू आणि रविवारी क्षमा मागू. पौलाच्या वेळीही असं म्हणणारे होते आणि त्यानं त्यांना लगेच झिडकारलं आहे. कृपा फुकट मिळते याचा अर्थ ती स्वस्त आहे असा नाही. क्रूसाकडे पाहा म्हणजे किंमत कळेल. आणि दुसरं, ‘घरची रडते’ हे तीन-चार अक्षरांत लिहून टाकलं आहे. देवानं क्षमा केली म्हणून घरच्या बाईनं मार खात राहायचा, दाण्याचे पैसे गुत्त्यात गेले तरी गप्प बसायचं, असं जो कोणी शुभवर्तमानाच्या नावानं सांगतो तो शुभवर्तमान सांगत नाही. तिनं माहेरी जायचं ठरवलं तर तिला कृपेचा दाखला देऊन अडवू नका. जक्कयानं लोकांना असं सांगितलं नाही की प्रभूनं मला क्षमा केली, आता तुम्हीही विसरा. त्यानं थैली उघडली.

मग उपासना कशाला? देवाला खूश करायला? आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी मालगुजारांनी बांधलेले तलाव अजून धानाला पाणी देतात. त्या तलावात पाणी कोणी आणलं? कोणी नाही, ते आभाळातून आलं. पाळीवर माती टाकणारा माणूस पाऊस विकत घेत नसतो. पण पाळ फुटकी ठेवली तर मृगाचा सगळा पाऊस ओढ्यात वाहून जातो आणि रोवणीच्या वेळी बांध्या कोरड्या. पाळ रोज बांधत नाहीत, पण रोज पाहावी लागते. उंदरानं बीळ केलं, खेकड्यानं पोखरलं, की त्याच दिवशी तिथे माती दाबायची. पाळ फुटली म्हणून तलावच सोडून दिला असं कोणी शहाणा शेतकरी करत नाही. प्रार्थना, वचन, भजन, प्रभुभोजन ही पाळीवरची माती आहे. पाऊस त्याचा.

म्हणून दादा, पडलात त्या रात्रीच प्रार्थनेला बसा. तोंडाला वास येत असेल तरी बसा. अकरावी शपथ घेऊ नका, शपथ म्हणजे पुन्हा मस्टर. काय झालं ते सरळ सांगा आणि मदत मागा. उजाडल्यावर एका विश्वासू माणसाला खरं सांगा, एकट्यानं झाकून ठेवलेलं पाप अंधारात वाढतं. मजुरीचा पैसा हातात येईल तो दिवस सगळ्यात धोक्याचा. त्या दिवशी पैसे आधी घरच्या बाईच्या हातात जातील अशी सोय करा. अंग थरथरत असेल, झोप येत नसेल, तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरला दाखवा, एकाएकी सोडताना जिवावर बेतू शकतं. डॉक्टरकडे गेलो म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता.

जक्कयाचं पुढे काय झालं, त्यानं जकातीचं काम सोडलं की नाही, हे लूकनं लिहिलेलं नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. येशू पुढच्या वाटेला लागला आहे. जेवणाची पानं उचलून झाली आहेत. आणि यरीहोतले लोक, काल कुरकुरणारेच, जक्कयाच्या ओसरीवर रांगेनं उभे आहेत. कोणाची दोन नाणी, कोणाची पन्नास. काहींनी आकडा वाढवूनही सांगितला असेल, माणसंच ती. जक्कय जुनी वही मांडीवर घेऊन बसला आहे, एकेकाचं नाव काढतो आहे आणि चारानं गुणतो आहे.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय. आता प्रार्थनेला उभे राहू.